अभ्यास झाला का?

परीक्षेचे दिवस आले की मला मिश्रीचा वास येतो. आता परीक्षेचा आणि मिश्रीचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझ्या घरात तो आहे, आणि सांगितल्याशिवाय कळण्यातला नाही.

सध्या इथं म्हैसूरला हुणसूर रस्त्याच्या कडेची झाडं गुलाबी झाली आहेत. पान औषधालाही नाही, वर नुसती फुलं आणि खाली फुटपाथवरही तेवढीच. हिनकलच्या बसस्टॉपवर छातीशी पॅड धरून पोरं उभी असतात, ओठ हलत असतात, डोळे भलतीकडंच. त्यांच्या मागं त्यांच्या आया, पोराच्या केसांना हात लावू की नको अशा बेतात उभ्या. दुपारभर कोकीळ ओरडून जीव नकोसा करतो. खालच्या घरात गिरिजाक्काचं शिवणयंत्र लग्नसराईच्या ब्लाउजांवर धडधडत असतं. आणि वर मागच्या गॅलरीत, धुण्याच्या दगडापाशी उभी राहून मी ठरवत असते, की आजपासून बंद. दरवर्षी याच दिवसांत ठरवते. उद्या दातांच्या डॉक्टरकडं जायचं आहे, म्हणून यंदा जरा जास्तच ठरवते आहे.

सरळच सांगून टाकते. मी मिश्री लावते. ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांवर फिरवायची. आमच्या कराडकडं कितीतरी बायकांचा दिवस असाच उजाडायचा. माझी आई परसात तवा टाकायची तेव्हा शेजारपाजारचे ठसकत ठसकत खिडक्या लावून घ्यायचे, आणि अर्ध्या तासानं त्याच घरातल्या बायका वाटी घेऊन यायच्या. मी शाळेत असताना माझी दाढ ठणकायला लागली, तर आईनंच एक चिमूट दाढेवर दाबून ठेवली. लगेच थुंकू नको, म्हणाली. पुढं ती दाढ काढून टाकली, चिमूट राहिली. मी आईला बोल लावत नाही, तिच्या आईनं तिला असंच दिलेलं. पण सई झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन मी मनाशी पक्कं म्हटलं होतं, हे माझ्यापाशी संपलं पाहिजे. या पोरीला त्या डबीचा वाससुद्धा माहीत होता कामा नये. आयुष्यात एवढी एकच शपथ मी मनापासून घेतली.

यांच्या नोकरीमुळं आम्ही म्हैसूरला आलो. इथं आमच्यासारखी मिश्री काही मिळेना. गंमत बघा, पावसाळ्यात हुणसूरकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला तंबाखूच तंबाखू, पण ती सगळी सिगारेटवाल्यांची. माझी डबी मात्र कराडहून वहिनीनं पाठवलेल्या चटणीच्या पिशवीत लपून यायची. काखेत कळसा नि गावाला वळसा. मराठी मंडळातल्या बायका पुण्या-मुंबईच्या, सकाळी योगा आणि नंतर ग्रीन टी. एकदा हळदीकुंकवाला विषय निघाला तर एकजण नाक मुरडून म्हणाली, शी, मिश्री म्हणजे अगदी गावंढळपणा. मीही सगळ्यांबरोबर हसले. तोंड मिटून हसले. यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. माझं दात घासणं फार वेळ चालतं, एवढीच त्यांची तक्रार असायची.

पुस्तकं घरात आली ती यांच्यामुळंच. कंपनीत कुणी व्याख्याते आले होते, त्यांनी भाषण करून सगळ्यांना एकेक पुस्तक वाटलं. सवयी कशा लावाव्यात, कशा सोडाव्यात. पिवळं कव्हर, त्यावर शिडी आणि शिडीवर एक टाय लावलेला माणूस. यांनी प्रस्तावना वाचली आणि पुस्तक फ्रिजवर ठेवलं, तिथं ते विजेच्या बिलांवर वजन म्हणून छान बसलं. वाचलं मी. मग दुसरं आणलं, मग पुण्याला गेले की मराठी अनुवाद शोधायला लागले. आता शेल्फातला एक अख्खा कप्पा त्यांचाच आहे. सवय सोडायची पुस्तकं वाचायची मला सवय लागली, असं आमचे हे म्हणतात, आणि त्यांना वाटतं की हा विनोद आहे.

मला या पुस्तकांचा राग येतो. त्यातला माणूस पहाटे उठतो, बूट घालून पळून येतो, गार पाण्यानं अंघोळ करतो आणि खिडकीपाशी शांत बसून आपल्या ध्येयाचा विचार करतो. त्याचं दूध कोण तापवतं ते एकाही पुस्तकात नाही. त्याच्या घरी नळाला पाणी यायची वेळ नसते, 'अगं, माझे मोजे' नसतात, सासूबाईंची गोळी नसते. बाई कुठं आलीच तर ती वजन कमी करायला आलेली असते. वर भाषा अशी, की वाईट सवयीची वस्तू नजरेआड ठेवा. अहो, माझी वस्तू तर लग्नापासून सगळ्या जगाच्या नजरेआड आहे, आता अजून कुठं ठेवू? एक म्हणतं, जवळच्या माणसाला विश्वासात घ्या. एक म्हणतं, त्या जागी दुसरं काहीतरी घाला. मी बडीशेप घातली. आता मला बडीशेपही लागते आणि मिश्रीही लागते.

तरी ती पुस्तकं टाकवत नाहीत. खोटं का बोलू, त्यांच्याइतकं मऊ माझ्याशी कुणी बोललेलं नाही. तुमच्यात काही खोट नाही, तुमचं मन दुबळं नाही, फक्त मांडणी चुकली आहे, असं ती सांगतात. दुपारी सगळं आवरून मी पंख्याखाली पडायचे आणि हे वाचायचे, आणि खरंच वाटायचं, की उद्यापासून मी निराळी बाई. संध्याकाळच्या चहापर्यंत ती निराळी बाई टिकायची. देवळात गेल्यावर वाटतं तसंच ते. बाहेर आलं की चपला शोधाव्याच लागतात.

आणि एका पुस्तकानं मला एक गोष्ट दाखवली, ते मान्य करायला हवं. त्यात लिहिलं होतं, की सवयीकडं हात जायच्या आधी आपण काय करत असतो तेवढं फक्त बघा. मी बघितलं. प्रत्येक वेळी मी कशाची तरी नाहीतर कुणाची तरी वाट बघत असायचे. पाण्याची, दुधाची, यांच्या उठण्याची, कुकरच्या शिट्टीची. मिश्री लावली की तोंडात पाणी भरतं, ओठ मिटून ठेवावे लागतात, आणि मग कुणी कितीही हाक मारली तरी 'ओ' देता येत नाही. आत्ता आई दात घासतेय, एवढं सगळ्यांना माहीत. दिवसातला तेवढाच वेळ माझ्या तोंडाला कुणी कामाला लावत नव्हतं. पुस्तकातल्या माणसाला ध्यान करून जे मिळतं, ते मला डबीत मिळत होतं. हे कळलं आणि मी जास्तच अडकले. नुसती तंबाखू सोडायची असती तर सोडली असती.

तर ते वर्ष. सई पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आमच्याकडची बारावी. बाहेर हीच फुलं, हाच कोकीळ. घरात टीव्ही बंद, मिक्सर तिच्या झोपेच्या वेळा बघून, फोडणीसुद्धा हळू. सगळं घर चवड्यांवर चालायचं. पहाटे ती पुढच्या खोलीत पाठ करत बसायची, आणि मी मागच्या गॅलरीत, डबी घेऊन. चूळ भरून आत आले की माझा पहिला प्रश्न, अभ्यास झाला का? जेवायला बसली की अभ्यास झाला का? अंघोळीहून आली की अभ्यास झाला का? ती इथंच जन्मलेली, चिडली की कन्नडात जाते. सुम्मने इरु आई, म्हणायची, म्हणजे गप बस. गिरिजाक्का जिन्यात भेटली की कौतुक करायची. तिच्या घराण्याला म्हैसूरला येऊन पिढ्या झाल्या, घरात मराठीच बोलतात पण निम्मी कन्नड. म्हणायची, "तुमच्या सईला पहाटेचा चांगला अभ्यास हाय नोडि." मी खूश व्हायचे. तिच्या बोलण्यात 'नोडि' म्हणजे 'बघा', एवढं मला कळत होतं, आणि बाकीचं तर मराठीच होतं.

त्याच दिवसांत मला तिखट झोंबायला लागलं. साधी आमटीसुद्धा गालाच्या आतून भाजत जायची. मी ताक पीत काढले काही दिवस, म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ दे. सईच म्हणाली, उद्या पेपर नाही, दातांच्या डॉक्टरकडं जाऊ, मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या कन्नडला तिथं कोण सांभाळणार? इतकी वर्षं राहूनही माझं कन्नड भाजीवाली, बसकंडक्टर आणि गॅसवाला यांच्यापलीकडं गेलेलं नाही. पण तिनं असं म्हटल्यावर मला चेव आला. खुर्चीत बसता बसता मी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं, की मला कन्नड येतं. चांगली तरुण मुलगी होती. आनंदली आणि पुढचं सगळं कन्नडातच बोलली.

तिनं आरसा घालून गाल ताणला, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ एकाच ठिकाणी बघत राहिली. मग विचारलं, "एष्टु वर्षदिंद अभ्यास?"

हे मला अगदी स्वच्छ कळलं. किती वर्षांपासून अभ्यास? म्हणजे शिक्षण विचारते आहे. दाताचा आणि शिक्षणाचा काय संबंध, असं मनात आलं, पण कागदावर लिहायला लागत असेल.

"बी.कॉम.," मी ताणलेल्या गालानं म्हटलं. "फर्स्ट क्लास."

सई फिसकन हसली. आई, शिक्षण नाही विचारत त्या, कन्नडमध्ये अभ्यास म्हणजे सवय, असं म्हणता म्हणता तिचं हसू निम्म्यात थांबलं. "कसली सवय?" तिनं विचारलं. डॉक्टरला नाही, मला.

डॉक्टर एकदा तिच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. मग तिनं इंग्रजीत सांगितलं, आणि टोबॅको या शब्दाचं भाषांतर कुणाला लागत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. आज बंद केलं तर जाईलही. नाही केलं, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि पुढचं मी आत्ता बोलत नाही, म्हणाली. एष्टु वर्षदिंद, तिनं पुन्हा विचारलं. मी मराठीतच उत्तर दिलं, की लहानपणापासून. सईनं ते तिला कन्नडात करून सांगितलं. माझ्या पोरीच्या तोंडून, परक्या भाषेत, माझी डबी बाहेर आली. त्या खुर्चीला पट्टे नसतात, पण मला उठता आलं नाही.

रिक्षात ती बाहेर बघत होती. मी मनात जुळवाजुळव करत होते, की आजीचं सांगू, दाढेचं सांगू, वास येऊ नये म्हणून किती जपलं ते सांगू. रिंग रोडच्या सिग्नलला ती एकदम म्हणाली, "मला तो वास माहीत आहे आई. लहानपणापासून. मला वाटायचं, तो तुझाच वास आहे." मग म्हणाली, "कराडला आजीच्या पदरालापण यायचा. मला आवडायचा तो."

झालं. गालाच्या आतला चट्टा मी पाहिलेला नव्हता, आणि त्याचं मला तेवढं वाटलंही नव्हतं. हे मात्र लागलं. ज्याचा तिला वाससुद्धा लागू द्यायचा नव्हता, तोच तिला आईचा वास म्हणून आवडत होता. मी घासून घासून हात धुतले होते, तोंडात लवंग धरली होती, आणि ही माझ्या कुशीत शिरून तोच हुंगत झोपत होती. आईनं मला निदान चिमूट हातानं दिली होती. मी तर न देताच दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅलरीत गेले. गेले, हे लपवत नाही. पाय आपोआप गेले, डबी आपोआप उघडली. मागं चाहूल लागली. सई केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन आली, धुण्याच्या दगडावर बसली, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच चालीवर विचारलं, "अभ्यास झाला का?"

माझं तोंड भरलेलं होतं.

त्या शब्दानं मला नंतर फार छळलं. आपण मराठीत अभ्यास म्हणतो तो बसून, ठरवून, परीक्षेसाठी करायचा, आणि सवय ती आपली आपण लागते, भूत लागावं तशी. इथल्या लोकांनी दोन्हीला एकच शब्द ठेवला आहे. म्हणजे मी जे रोज पहाटे मन लावून, एक दिवस न चुकवता करत होते, तो अभ्यासच होता. सईनं केमिस्ट्रीचा केला नसेल एवढा. शेल्फातल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं, कारण ती पुस्तकं ज्या भाषेत लिहिली त्या भाषेला हे सुचलेलं नसावं. पण शब्द कळला म्हणून सुटका होत नाही. गिरिजाक्काला विचारा, तिला तो जन्मापासून माहीत आहे आणि पान-सुपारीची पिशवी तिच्या कमरेला अजून आहे.

सई आता बंगळूरला असते. परीक्षा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली. रोज पहाटे तिचा फोन येतो, नेमका त्या वेळेला. कच्चा पापड पक्का पापड म्हणून दाखव, एवढंच तिचं म्हणणं. 'प'ला ओठ आपटावे लागतात, आणि तोंडात मिश्रीचं पाणी असलं की एक 'प' धड निघत नाही, हे तिनं कसं शोधून काढलं कोण जाणे. मी म्हणते. ती ऐकते. अभ्यास झाला, म्हणते आणि फोन ठेवते. पुस्तकातल्यासारखंच आहे हे, जवळचं माणूस विश्वासात आलं, वेळ ठरली. आणि उपयोग झाला, नाही कसं म्हणू? महिनेच्या महिने डबी बंद राहिली. मग उघडली. मग पुन्हा बंद राहिली. चट्टा गेला नाही आणि वाढलाही नाही, मागच्या वेळेपर्यंत तरी. पण दिवसातली जी घटका माझ्या तोंडाला मोकळी होती, तिलाही आता हजेरी लागली. तिचा फोन येईस्तोवर मी त्याची वाट बघते, आणि वाट बघायला लागलं की माझा हात कुठं जातो ते वर सांगितलंच आहे. कधी कधी मला त्या फोनचा इतका राग येतो, की तो फेकून द्यावा. मग त्या रागाची लाज वाटते. लेक जीव वाचवते आहे आणि आईला बांधल्यासारखं होतंय, हे कुणाला सांगायचं?

आज पहाटे फोन जरा लवकर आला. मी नुकतीच गॅलरीत आले होते, नळाला पाणी यायचं होतं. उद्याच्या डॉक्टरच्या काळजीनं झोप झाली नव्हती. फोन कानाला लावला तर सईचा आवाज वेगळा. जड, ओला, ओठ मिटून बोलल्यासारखा. "आई, म्हण ना," म्हणाली, पण 'म'च्या पुढं सगळं पाणी.

"तोंडात काय आहे तुझ्या?" मी विचारलं.

ब्रश आहे, असं काहीतरी ऐकू आलं. आज शिफ्ट लवकर आहे, असंही. मी काही ऐकून घेतलं नाही. थुंक, म्हटलं, आणि म्हणून दाखव. पलीकडं काही क्षण नुसता नळाचा आवाज. मग तिनं म्हटलं, कच्चा पापड पक्का पापड, सगळे 'प' लख्ख, टाळी वाजवावी तसे. टूथपेस्टच होती. रोज सकाळी या पोरीच्या पोटात काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं. तिलाही काही कळलं असावं, कारण ती हसली नाही.

"आता तू," ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं. एकही 'प' सांडला नाही.

"अभ्यास झाला," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तोंड माझं रिकामं होतं, खोटं काहीच नव्हतं त्यात. दुसऱ्या हाताचं बोट मात्र डबीतून काढलेलं, काळं, तसंच वर धरलेलं होतं, आणि नळाला अजून पाणी आलं नव्हतं.